सरूआक्कांची राहिलेली गोष्ट

आधी जे सांगायचं ते सांगून टाकतो, मग बाकीचं. चार वर्षांपूर्वी टीव्हीवर लोककथांची एक मालिका लागायची. तिच्यात जात्याची गोष्ट आली होती. ती सरूआक्कांनी टीव्हीवाल्यांना दिली, असं आमची सगळी गल्ली आजही म्हणते. आक्कांनी दिली नाही. मी दिली. त्यांना विचारलं नाही आणि माझ्या बायकोलाही विचारलं नाही.

मंडळाच्या अंकात हे छापलं की गल्लीतले लोक वाचतील. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय. मी पाचवीपर्यंत शिकलेला, पुढं सगळी उमर रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. शुद्धलेखन मंडळवाल्यांनी बघून घ्यावं. मजकुराला हात लावू नये.

बडोद्यात मांडवीच्या मागे आमची गल्ली. आमच्या भिंतीला भिंत लागून आक्कांची खोली. बाई उंचीला कमी, पण चालायला अशी की मागून येणाऱ्यानं धावावं. पदर गुजराती बायकांसारखा उजव्या खांद्यावरून पुढं घ्यायच्या. कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक कापडी थैली, त्यात गहू. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आंगणवाडीत तेडागर होत्या. तेडागर म्हणजे घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणणारी. दुसऱ्या तेडागरबाया पोरांना ओढत न्यायच्या, पोरं भोकाड पसरायची. आक्का पहिल्या घराच्या पायरीवर गोष्ट सुरू करायच्या आणि चालायला लागायच्या. चौथ्या घरापर्यंत मागे आठ पोरं. आंगणवाडीच्या दारात राक्षस नेमका झोपेतून उठायचा आणि आक्का म्हणायच्या, "पुढचं आत." पोरं एकमेकांना ढकलत आत.

रिटायर झाल्यावर पोरांच्या जागी बायका आल्या. दुपारी भांडी घासून झाली की तीन-चार जणी आक्कांच्या ओट्यावर. गोष्ट ऐकायची तर आक्कांचे कायदे होते. पहिला, थैलीतले पाच गहू मुठीत धरायचे, गोष्ट पुरी झाली की चिमण्यांना टाकायचे. दुसरा, गोष्ट अर्धी सोडायची नाही. तिसरा, ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं. मान हलवलेली चालायची नाही. हं आला नाही की आक्का थांबायच्या आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

"काय झालं आक्का? सांगा ना."

"राजा पायरीवर उभा आहे. तू हं म्हटल्याशिवाय आत कसा जाईल? पाय दुखतील त्याचे."

एकदा लाइटचा मीटर बघायला माणूस आला, तोही अडकला. हातात गहू घेऊन बसला आणि मधेच मोबाइल बघायला लागला. आक्का म्हणाल्या, "भाई, राणी कूवामां लटकी छे. तुझा फोन झाला की सांग, मग तिला विहिरीतून वर काढू." त्या माणसानं फोन बंद करून खिशात टाकला आणि राणी वर येईपर्यंत हलला नाही.

घरी टीव्ही होता, पण त्यांचं त्याच्याशी जमायचं नाही. "मी त्यातल्या बाईला हं म्हणते, ती माझ्याकडे बघत पण नाही," म्हणायच्या.

माझी बायको कुसुम त्यांची सगळ्यात लाडकी. एकदा दोघी सत्यनारायणाला अटलादऱ्याला निघाल्या, पादऱ्याच्या बसनं. शेजारच्या सीटवर पादऱ्याला जाणारी कोणी बाई होती, रडवेली. आक्कांनी तिच्या हातात गहू ठेवले. अटलादरा आलं, कंडक्टर ओरडायला लागला, "मासी, उतरो!" आक्का म्हणाल्या, "जवा दे भाई, राक्षस हजी जागे छे." राक्षस अजून जागा, म्हणून दोघी तशाच पादऱ्यापर्यंत गेल्या. गोष्ट पुरी केली, स्टँडवर चिमण्यांना गहू टाकले आणि उलट बसनं घरी. कुसुम दारातून हसतच आली. मी चहासाठी खोळंबलो होतो. मी विचारलं, "पादऱ्याला काय तुझा बाप राहतो?" तिचं हसणं गेलं. चहा टाकला तिनं.

मी असाच होतो. आता ती नाही म्हणून सुधारून कशाला सांगू?

आक्कांची आणखी एक रीत होती, आणि सगळं तिच्यावरूनच झालं. गोष्ट तीच असायची, पण आतलं सामान ऐकणारीचं. जिचा मुलगा कॅनडाला गेला होता, तिच्या गोष्टीतला राजपुत्र सात समुद्रांपलीकडून दर दिवाळीला फोन करायचा. जिची सासू सारखी खोकायची, तिच्या गोष्टीतली म्हातारी राणी खोकायची. बायका हसायच्या, मधेच डोळे पुसायच्या. पण एकीचं सामान घातलेली गोष्ट आक्का दुसरीला तशी सांगायच्या नाहीत. "हे ज्याचं त्याला परत करायचं असतं," म्हणायच्या.

टीव्हीच्या मॅडम आल्या तेव्हा आक्कांनी त्यांना नाही म्हटलं ते म्हणूनच. मालिका गुजरातीत होती. जुन्या गोष्टी माहीत असलेल्या म्हाताऱ्या शोधत मॅडम फिरत होत्या. बाई सालस होती, तीनदा आली. आक्कांनी तिन्ही वेळा चहा दिला, बडोद्याचा तो ओलसर लिलो चिवडा दिला, गोष्ट दिली नाही.

"बा, लाखो लोको सांभळशे."

"ऐकतील, पण त्यातलं हं कोण म्हणणार?"

"हुं कहीश ने, बा."

"तू म्हणशील? तू तर त्या यंत्रात बघत बसशील."

मी समोर ओट्यावर बसलेलो होतो. मॅडम बाहेर आल्या, तोंड उतरलेलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "त्यात काय मोठं? माझ्या भिंतीपलीकडे राहते ती." मॅडमनी माझ्या फोनवर कुठं दाबलं की लाल टिंब येतं ते दाखवलं. आक्कांना विचारून घ्या, असंही म्हणाल्या. मी हो म्हटलं. शेवटी तुमचं नाव देऊ म्हणाल्या.

माझं नाव लग्नाच्या पत्रिकेनंतर कुठं छापून आलेलं नव्हतं. ते एक कारण. दुसरंही सांगतो. कुसुम माझ्याशी दिवसात चार वाक्यं बोलायची. जेवायला या, दूध आणा, तसली. भिंतीपलीकडून मात्र तिचं हसणं ऐकू यायचं. मला वाटायचं, असं काय आहे त्या म्हातारीच्या गोष्टीत? बघू तरी, आणि घेऊनच येऊ.

दुसऱ्या दुपारी शर्टाच्या खिशात फोन ठेवून, टिंब दाबून मी आक्कांकडे गेलो. त्या दिवशी कुसुम एकटीच होती. मला बघून तिचा विश्वास बसेना.

"वाट चुकलात का?"

"मी काय गोष्ट ऐकू नये?"

आक्का म्हणाल्या, "बस रे दत्तू. पण हं म्हणावं लागेल. घे गहू."

कुसुमनं सरकून चटई अर्धी मला दिली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असायचा तसा. आक्कांनी तिच्याकडे बघून विचारलं, "तीच सांगू?" कुसुमनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सांगा."

गोष्ट अशी. एका घरात एक सून होती. घरात तिच्याशी कोणी बोलत नसे. नवरा कामावरून यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिच्या पिठाच्या डब्यात तळाशी एक झबलं होतं. पिवळं, एक बटन तुटलेलं. पीठ संपत आलं की ते दिसायचं, म्हणून ती पीठ संपू द्यायची नाही. रोज पहाटे उठून दळायची आणि दळताना मनातलं जात्याला सांगायची. जातं घरघरायचं, हं, हं. घरात तिला हं म्हणणारं तेवढंच. एक दिवस नवऱ्याला लवकर जाग आली. ही कोणाशी बोलते म्हणून तो उठला, उंबऱ्यावर आला आणि...

आणि माझ्या खिशात फोन वाजला. आता हा काढला तर टिंब दिसेल, या भीतीनं मी तसाच उठलो आणि बाहेर आलो. मागून आक्कांचा आवाज आला, "अरे, तो उंबऱ्यावर उभा आहे!" संध्याकाळी फोनमधलं मॅडमना देऊन टाकलं.

तोपर्यंत मी बरोबर जागा बघून हं हं म्हणत होतो. ऐकत नव्हतो. माझं लक्ष खिशाकडे होतं. नीट ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आमची मनू सव्वा वर्षाची होऊन तापानं गेली. पुढं मूल झालं नाही. ती गेल्यावर मी पाळणा, कपडे, खुळखुळा, सगळं एका दिवसात वाटून टाकलं आणि कुसुमला सांगितलं, आता या घरात हा विषय नको. तिनं काढला नाही, चाळीस वर्षं. पण डबा अर्धा झाला की गिरणीवर पळायची. मी चिडायचो, "घरात दोन माणसं, एवढं पीठ काय लग्नाला लागतंय?" ती म्हणायची, "असू दे."

त्यानंतर आक्का मला बघितलं की म्हणायच्या, "दत्तू, तुझी गोष्ट राहिली रे. ये ऐकायला." मी म्हणायचो, "येतो, येतो." गेलो नाही.

एका रविवारी सकाळी ती गोष्ट टीव्हीवर लागली. मी मुद्दाम दाढी करून बसलो होतो, नावासाठी. कुसुम मेथी निवडत होती. पडद्यावर चित्रातल्या जात्याला डोळे काढलेले होते, ते पापण्या हलवायचं. मी हसलो. मग त्या सुनेनं पिठाच्या डब्यात हात घातला आणि पिवळं झबलं वर काढलं. एक बटन तुटलेलं.

कुसुमनं उठून टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात गेली, आमचा डबा खाली घेतला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तिनं ते बाहेर काढून झटकलं तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. मनूचं. वाढदिवसाला मीच आणलेलं.

तशीच पिठाच्या हातांनी ती पलीकडे गेली. आमच्यात आणि आक्कांच्यात नऊ इंचांची भिंत. सगळं ऐकू आलं.

"आक्का, माझं झबलं गावाला दाखवलंत?"

आक्कांच्या किल्ल्यांचं जुडगं वाजलं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं, कुसुम."

मी भिंतीच्या अलीकडे बसून होतो. उठून चार पावलं जायचं होतं. गेलो नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी माझं नाव आलंच नाही, असं नंतर कळलं. "वडोदरानां एक बा पासेथी सांभळेली वार्ता", म्हणजे बडोद्याच्या एका आजीकडून ऐकलेली गोष्ट, एवढंच आलं. मॅडमना आक्कांच्या घरी तीनदा सगळ्यांनी बघितलेलं होतं. झालं, गल्लीनं निकाल देऊन टाकला. ओट्यावरच्या बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. प्रत्येकीचं काही ना काही सामान आक्कांकडे होतं, प्रत्येकीला धास्ती. माझ्यावर कोणाचा संशय गेला नाही. मला फोन नीट उचलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत. कुसुमलाही.

त्या दिवसापासून कुसुम भिंतीपलीकडे गेली नाही. दीड वर्षानं तिच्या किडन्या गेल्या. पुढं घरीच असायची, पलंगावर. पलंग त्याच भिंतीला होता. आक्का ओट्यावरून मला विचारायच्या, "कुसुम जेवली का रे?" आणि गल्लीतली दोन-चार पोरं पकडून दुपारी खणखणीत आवाजात गोष्ट सांगायच्या. बहिऱ्या माणसाला सांगावी तशी. मला वाटायचं, म्हातारीला कमी ऐकू यायला लागलं. एकदा मी कुसुमला औषध द्यायला गेलो. तिचं तोंड भिंतीकडे होतं. पलीकडे गोष्ट चालू होती. कुसुम अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हं."

मी औषधाचा चमचा हातात धरून उभा राहिलो. आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. मग वाटलं, आजारी माणसाला कशाला त्रास. हे मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिनं माझ्याकडे कसं बघितलं असतं, त्याला मी घाबरलो.

पंधरा दिवसांनी ती गेली.

तेराव्याला आक्का जेवायला आल्या. पंगतीत त्यांच्या बाजूचं पान रिकामं राहिलं. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आक्का, आजची वार्तापण देणार का टीव्हीवाल्यांना?" दोघी-तिघी हसल्या. मी वरणाचं भांडं घेऊन तिथेच होतो. पुढच्या पानावर वरण वाढलं. आक्कांनी भात कालवला, पुरा जेवल्या, ताट उचललं आणि गेल्या.

चार दिवसांनी सकाळी त्या दारात उभ्या. हातात गाठोडं. डभोईला भाचीकडे कायमच्या चालल्या होत्या.

"दत्तू, गोष्ट राहिलीये तुझी. ती पुरी करून जाते."

कुसुमच्या पलंगावर बसल्या. थैलीतून गहू काढून माझ्या हातावर ठेवले. "तर तो उंबऱ्यावर आला."

"हं."

आक्का थांबल्या. "हा नाही. हा त्या दिवशीचाच आहे, वरवरचा."

मी हातातल्या गव्हांकडे बघितलं. मग तोंडातून निघून गेलं, "आक्का, गोष्ट मी दिली."

"हं," आक्का म्हणाल्या.

"खिशात फोन होता."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"टीव्हीवरची मी शेवटपर्यंत बघितली की. जातं फुटतं, सोनं निघतं, सासू खाली चिरडते. काय ती गोष्ट! तू उठलास तिथपर्यंतच माझी होती. पुढचं त्यांच्याकडे नव्हतं, कारण तुझ्याकडे नव्हतं."

"मग कुसुमला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर ती राहिली असती कोणापाशी? राहायचं तर तुझ्यापाशीच होतं ना? मी नसले तरी तिचं चालणार होतं." मग पलंगाच्या चादरीवरून हात फिरवत म्हणाल्या, "त्या दिवशी तिनं ती गोष्ट तुझ्यासाठी सांगायला लावली होती. तू चटईवर बसलास, हं म्हणालास, तिला वाटलं तू ऐकतोयस. उठून गेलास, तर म्हणाली, ऐकवलं नाही त्यांना. दुखलं असेल म्हणून गेले."

मला रडायला येत नाही, आधीपासून. त्या दिवशी काय झालं ते लिहीत नाही. आक्कांनी उठून मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तो उंबऱ्यावर आला."

"हं."

"तिचं सगळं बोलणं त्यानं उभ्यानं ऐकलं. मग आत आला आणि जात्याच्या पलीकडे बसला. खुंट्याला हात लावला. ती बोलत होती, तो म्हणाला, हं. त्या दिवसापासून जातं गप्प झालं. आता ते काम त्याचं होतं. झाली गोष्ट."

गहू मी आमच्या ओट्यावर टाकले.

गाठोडं घेऊन डेपोपर्यंत गेलो. वाटेत म्हटलं, गल्लीत सगळ्यांना सांगतो. त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर सांग. उगाच माफी मागायला रांग नको. माझी बस चुकेल."

ते मी सांगितलं नाही. दोन वर्षं आज-उद्या केलं. गेल्या महिन्यात डभोईहून भाचीचा फोन आला, आक्का गेल्या. म्हणून आता लिहितोय. उशीर झाला आहे, मला माहीत आहे.

त्या दिवशी डेपोत, बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. मी खाली उभा होतो, त्या हात करतील म्हणून. त्यांचं लक्षच नव्हतं. शेजारी कोणी बाई बसली होती, मांडीवर डबा घेऊन. आक्कांनी कमरेची थैली सोडली आणि तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. बाई आधी हसली, मग तिनं मूठ मिटली. बस सुटली. काचेतून आक्कांचं तोंड हलताना दिसत होतं, मग ते थांबलं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

मी खालून म्हटलं, "हं."

बाजूला खारी शिंग, म्हणजे खारे दाणे, विकणारा होता. त्याला वाटलं, मी त्याच्याशीच बोललो. म्हणाला, "काका, मने कंई कह्युं?"